ढकलणाऱ्यांची सायकल

वाळूजचा बजाजचा कारखाना १९८५ सालचा. ५ नोव्हेंबरला तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून या शहरातल्या कितीतरी चुली दोन आणि तीन चाकांच्या भरवशावर पेटत आल्या. बजाजची रिक्षा पार नायजेरियापर्यंत जाते. बजाजनगरात तर चिमटा, एक्सल आणि डिफरन्शियल यांवर जेवताना वाद घालणारी घरं आहेत. अशा गावात, आयुष्यभर तीनचाकीचे नट आवळलेल्या माणसावर भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला तीनचाकी सायकल घ्यायची वेळ आली, की तो दुकानदाराला पहिला प्रश्न काय विचारतो?

‘गुलाबीत आहे का?’

सायकल म्हणजे साधी नव्हे, मागे दांडा असलेली. आपण लहानपणी चालवली ती लोखंडी नळीची आणि पत्र्याच्या सीटची, जिच्यावर मे महिन्यात बसलं की चटका बसायचा. ती गेली. नव्या सायकलीला वर छत, पुढे टोपली, मागे डिक्की, पोटासमोर गोल कठडा, खांद्यावरून पट्टा, पाय ठेवायला घडीची पाटी आणि दांड्याला कप अडकवायचं कडं असतं. हा कप कोणाचा, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. पोराचा नक्की नाही, त्याचा हात तिथवर पोचत नाही. खोक्यावरच्या चित्रात एक सडपातळ परदेशी बाई एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात कॉफी घेऊन हिरव्यागार बागेतून चाललेली असते. आपल्याकडे एका हातात दांडा, दुसऱ्या हाताने कुत्री हाकलायची. कॉफीला तिसरा हात लागेल.

ही सायकल विकत घेतो मामा, ढकलतात आजोबा, पैसे वसूल झाले का ते बघते आई, आणि सल्ला देतो तो शेजारी ज्याच्या घरात लहान मूल नाही. ज्याच्यासाठी घेतली ते मूल पहिले दोन दिवस रिकाम्या खोक्यात बसून खेळतं. गुलमंडीच्या दुकानदाराला हे सगळं पाठ असतं, म्हणून तो मुलाकडे बघतच नाही. तो मामाकडे बघून बोलतो. ‘भैया, बच्चा एक बार बैठा तो उतरताइच नै.’ मग बटन दाबतो. सायकल इंग्रजी बडबडगीत म्हणायला लागते, पुढचे दिवे लुकलुकतात, मामाचा हात खिशात जातो. झाला सौदा.

पण खोक्यावर वय काय लिहिलंय ते वाचा. ‘१० महिने ते ५ वर्षं.’ दहा महिन्यांचं मूल सायकल चालवत नाही, ते सोफ्याला धरून उभं राहायला शिकत असतं. बालरोगाच्या पाठ्यपुस्तकांत मुलाच्या वाढीचे टप्पे दिलेले असतात. मान धरणं, पालथं पडणं, आधाराशिवाय बसणं वगैरे. त्यात तीनचाकी चालवणं येतं ते तीन वर्षांच्या रकान्यात. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला आणलेली सायकल पुढची दोन वर्षं तुम्ही चालवणार. मूल नुसतं प्रवासी. त्यामुळे गाणं, दिवे, डिक्की राहू द्या बाजूला. आधी आपल्यासाठीच वाहन बघायला आलोय असं समजा. तुमची उंची, तुमची कंबर, तुमचा जिना, तुमचा रस्ता. पोराची पाळी दोन वर्षांनी यायची आहे, आणि ती येऊ द्यायची असेल तर एक गोष्ट दुकानातच बघावी लागते. ती शेवटी सांगतो.

दांड्यापासून सुरुवात करू. दांडे दोन जातींचे. स्वस्तातल्या सायकलीचा दांडा सीटच्या पाठीला नाहीतर मागच्या एक्सलला ठोकलेला असतो. तो ढकलतो, वळवत नाही. पुढचं चाक मुलाच्या ताब्यात, आणि दीड वर्षाचं मूल हँडल वळवतं ते चेंडू, मांजर किंवा भेळवाला दिसेल तिकडे. मग बाप काय करतो? दांडा खाली दाबतो, पुढचं चाक हवेत उचलतो आणि मागच्या दोन चाकांवर सायकल गर्रकन फिरवतो. पोरगं खूश, बापाच्या मनगटाची वाट. शिवाय सगळा जोर येतो तो दांडा जिथे बसवलाय त्या प्लास्टिकच्या कानावर. वर्ष संपायच्या आत तो कान फाटतो आणि मग दांडा सुतळीने बांधून ढकलगाडी चालू राहते.

दुसऱ्या जातीत दांड्यापासून निघालेली एक सळई सीटखालून पुढच्या चिमट्यापर्यंत गेलेली असते. दांडा डावीकडे फिरवला की पुढचं चाक डावीकडे. ही महाग. दुकानात सायकल उलटी करा, लाज वाटू देऊ नका. सीटखाली सळई दिसते का ते बघा, आणि दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना नट आहे की नुसती प्लास्टिकची खुंटी, तेही बघा. बाहेरून दोन्ही सायकली सारख्याच दिसतात, बिल मात्र दीड हजारापासून दहा-बारा हजारांपर्यंत कुठेही जाऊन थांबतं.

खरी गंमत पुढे आहे. या सळईवाल्या सायकलींपैकी बऱ्या बनावटीच्या सायकलीत मुलाच्या हँडलपाशी एक कळ असते. ती सोडली की मुलाचं हँडल नुसतंच फिरतं. चाकाशी त्याचा काही संबंध उरत नाही. मूल हँडल गरागरा फिरवतं, घंटी वाजवतं, तोंडाने ‘भुर्रर्र’ करतं, आणि सायकल जाते मागच्याला हवं तिकडे. मुलाची खात्री असते की गाडी आपणच चालवतोय.

महाराष्ट्राला हे तंत्र नव्याने समजावून सांगायची गरज नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात तीन पक्षांचं सरकार आलं तेव्हा विरोधकांनी त्याला रिक्षा म्हणून हिणवलं. जुलै २०२० मध्ये उद्धव ठाकरे यांनी एका मुलाखतीत रिक्षा ही गरिबांचीच गाडी म्हणून ते नाव अंगावर घेतलं आणि स्टिअरिंग आपल्या हातात असल्याचं ठणकावून सांगितलं. दोन वर्षांत रिक्षातलेच लोक उतरून दुसऱ्या गाडीत बसले. कधीकाळी खरोखर रिक्षा चालवलेले एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकलं असं म्हणाले. पुढे वर्षभरात त्या गाडीलाही तिसरं चाक लागलं. या सगळ्या भांडणात जे काही बोलणं झालं ते पुढच्या हँडलवर झालं. मागे दांडा आहे का, आणि तो कुठल्या शहरातून धरलाय, हे विधानसभेत कोणी विचारलं नाही. खेळण्यांच्या दुकानात तरी विचारा.

पायडलचं प्रकरण दांड्याहून महत्त्वाचं आहे आणि त्याविषयी कोणीच विचारत नाही. या सायकलीला साखळी नसते. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं. चाक फिरलं की पायडल फिरणारच. मूल स्वतः चालवत असेल तेव्हा हे ठीक. पण मागून तुम्ही ढकलताय आणि मुलाचे पाय खाली लोंबताहेत, अशा वेळी ते पायडल दर फेरीला त्याच्या नडगीवर नाहीतर पोटरीवर आदळतं. तुम्ही चाल वाढवली की पायडलचीही वाढते. मूल भोकाड पसरतं. आजी म्हणते भूक लागली असेल. आत्या म्हणते नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून होतात, पण वाकून नडगी कोणी बघत नाही.

यावरचा इलाज कंपन्यांनी शोधलेला आहे. पुढच्या चाकाच्या मध्यभागी, पायडलच्या मुळाशी, एक छोटी कळ असते. ती ओढली किंवा फिरवली की पायडल चाकापासून सुटतं; चाक फिरत राहतं, पायडल जागच्या जागी. ही कळ नसेल तर सायकल घेऊ नका, मग ती कितीही गुलाबी असो. ‘पाय ठेवायला पाटी आहे ना’ असं दुकानदार म्हणेल. दीड वर्षाचं मूल पाटीवर पाय ठेवून शहाण्यासारखं बसून राहील ही कल्पना ज्या इंजिनिअरला सुचली त्याच्या घरात पाळणा हललेला नसावा. कळ दुकानातच दोन-चारदा लावून-काढून बघा. काहींची इतकी घट्ट असते की पक्कड लागते, काहींची इतकी सैल की चालता चालता आपोआप अडकते आणि पायडल पुन्हा नडगीच्या शोधात निघतं.

कळ सुटल्यावर आणखी एक गोष्ट होते, ती माहितीपत्रकात बारीक अक्षरातसुद्धा नसते. या सायकलीला ब्रेक नाही. पायडल चाकाला जोडलेलं असताना पाय रोखला की चाक रोखलं जायचं, तेवढाच काय तो ब्रेक. कळ सोडल्यावर तोही गेला. आता ब्रेक म्हणजे तुमचा हात. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर फोन वाजला म्हणून दांडा सोडलात तर सायकल गेटपाशीच थांबेल, गेट बंद असलं तर. मागच्या चाकाला पायाने दाबायचा लॉक असलेल्या सायकली मिळतात. उताराच्या इमारतीत राहणाऱ्यांनी दुसरी बघूच नये.

संध्याकाळी कधी कॅनॉटच्या बागेत जाऊन बसा. एक आजोबा दिसतील. पांढरा शर्ट, पायात सँडल, उंची पावणेसहा फूट. सायकलीचा दांडा त्यांच्या मांडीपर्यंत. कमरेत वाकून ते ढकलताहेत, नातू छताखाली मान टाकून झोपलाय, बडबडगीत अजून चालू आहे कारण बटन कुठे आहे ते आजोबांना माहीत नाही. थोडं अंतर गेलं की ते थांबतात, एक हात कमरेवर ठेवून ताठ होतात आणि आभाळाकडे बघतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पावसाचा अंदाज घेताहेत. मराठवाड्यात तसं बघणारे पुष्कळ, म्हणून कोणाला संशय येत नाही.

दांडा वर-खाली करता येतो का, आणि पार वर केल्यावर घरातल्या सगळ्यात उंच ढकलणाऱ्याच्या कमरेला लागतो का, कोपर किंचित वाकवून धरता येतो का, एवढं बघायला आजोबांनाच दुकानात न्यावं लागतं. मामा नाही आला तरी चालेल, त्याने पैसे पाठवले की झालं.

आता चाकं. आणि चाकं म्हटलं की रस्ता आला.

चाकं तीन प्रकारची मिळतात. कडक प्लास्टिकची सगळ्यात स्वस्त; पेव्हर ब्लॉकवर त्यांचा असा खडखडाट होतो की दुपारी चार वाजता पहिल्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीत येऊन उभ्या राहतात. दुसरी फोमची, ज्याला ईव्हीए म्हणतात; आपल्या घरातल्या स्लिपरचा तळवा बहुधा त्याचाच असतो. आवाज कमी, पंक्चरची भानगड नाही, मात्र खडबडीत रस्त्यावर झिजतात. तिसरी रबरी, त्यात हवा भरलेली. चालायला झकास, पण एवढंसं चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलात तर तो आधी चाकाकडे आणि मग तुमच्याकडे बघतो. या शहरासाठी माझं मत फोमला.

या शहरासाठी असं म्हटलं, कारण सायकल जगात कुठेही बनो, तिला ढकलायचं इथे आहे. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं. जायकवाडीचं पाणी आणण्यासाठी गल्लोगल्ली चर खणले गेले, बुजवले गेले, आणि बुजवल्यावर रस्त्यावर जो वरंबा उरतो त्याच्यावरून मोटारसायकल उडी मारून जाते. तीनचाकीचं पुढचं चाक तिथे रुतून बसतं. मूल पुढे कलतं, पट्टा असेल तर सीटमध्ये राहतं. पाणी कधी पुरेसं यायचं ते येवो, वरंबे वेळेत आले.

सायकलींविषयी प्रशासनाला आस्था नाही असं मात्र कोणी म्हणू नये. स्मार्ट सिटीच्या भरात क्रांती चौकाकडून रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला सायकल ट्रॅक आखला गेला. त्यावर आज काय उभं असतं ते तिकडून रोज जाणाऱ्यांना विचारा. ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ या केंद्राच्या स्पर्धेत आपलं शहर निवडलं गेलं होतं. पैठण गेट ते गुलमंडी हा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी करायचा, असा त्यात बेत होता. म्हणजे ज्या टिळकपथावर ही सायकल विकत घ्यायची तिथूनच ती ढकलत घरी आणता आली असती. आता ती रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवी टाकून आणतात. एक तीनचाकी दुसऱ्या तीनचाकीत बसून घरी येते, आणि रिक्षावाला लगेजचे वीस रुपये जास्त मागतो.

उरलं काय? विद्यापीठाच्या आवारातले रस्ते पहाटे छान असतात, पण पहाटे मूल झोपलेलं असतं. गारखेड्याच्या क्रीडा संकुलात चालणाऱ्यांची गर्दी इतकी की ट्रॅकवर तीनचाकी आणली तर वाकडी तोंडं होतात, आणि त्यात त्यांचीही चूक नाही. सिद्धार्थ उद्यान आहे, पण रविवारी तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. म्हणून बहुतेकांची सायकल हॉलमधून निघते, डायनिंग टेबलाला वळसा घालते, किचनच्या दाराशी कुकरची शिट्टी ऐकते आणि परत येते. तुमचंही तेच होणार असेल तर लांबी-रुंदीची टेप घेऊन दुकानात जा. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये न वळणारी दहा हजारांची सायकल कपडे वाळत घालायला बरी पडते.

सरकारनेही या सायकलीत भरपूर लक्ष घातलंय. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० झाली. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. तो का, तर २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने दिल्ली परिसरातल्या बाजारांतली परदेशी खेळणी तपासली होती, आणि त्यातली ६६.९० टक्के नापास झाली होती. आपल्या शाळांचा निकाल असा लागला असता तर मोर्चे निघाले असते. शिक्का सक्तीचा झाल्यावर दोन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, मानक ब्युरोने मॉल आणि विमानतळांवरच्या चकचकीत दुकानांवर छापे घातले तेव्हाही शिक्क्याविना विकायला ठेवलेली १८,६०० खेळणी सापडली. तेव्हा गुलमंडीच्या दुकानदाराकडे एकट्याकडेच वाकड्या नजरेने बघू नका. सीटच्या खाली किंवा खोक्यावर शिक्का शोधा, त्याच्यासोबतचा लायसन्स नंबर बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून बघा. दुकानदाराचा चेहरा तेवढ्या वेळात पुष्कळ काही सांगतो.

जीएसटीचं तर विचारूच नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळण्यांच्या रकान्यातल्या तीनचाकीवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. सरकारी यादीत तीनचाकीचा नाव घेऊन उल्लेख आहे, हे वाचून मला उगाच भरून आलं. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांना मात्र १८ टक्के. म्हणजे बडबडगीताचा हट्ट धरणाऱ्या मामाने बिलावर कोणता दर लावलाय ते वाचावं. शांत बसणाऱ्या सायकलीला या देशात सवलत आहे.

पट्ट्याविषयी थोडं गंभीर होतो. तीन चाकांची गाडी वळताना कुठे कलंडते हे या गावात कोणाला शिकवायला नको. पुढे एकच चाक, त्यामुळे वेगात वळलं की ती पुढच्या कोपऱ्याकडे झुकते. अमेरिकेत २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत तीनचाकीपायी जखमी होऊन हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आलेल्या मुलांची संख्या सुमारे ९,३४० भरली, असं ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१५ मध्ये छापून आलं. त्यातली निम्मी एक-दोन वर्षांची. सगळ्यात जास्त लागलं होतं डोक्याला. हे तिथल्या गुळगुळीत फुटपाथांवर. तेव्हा मागच्या दोन चाकांमधलं अंतर ऐसपैस असलेली आणि सीट जमिनीला जवळ असलेली सायकल बघा. पट्टा खांद्यावरून येणारा हवा, नुसता पोटाचा नको. कठड्यावर भरवसा ठेवू नका. दीड वर्षाचं मूल कठड्याखालून साबणाच्या वडीसारखं निसटतं. आणि ढकलणाऱ्या आयांनी ओढणी कमरेला खोचावी, मागचं चाक ती चवीने खातं.

आपल्याकडे या सगळ्याच्या आधी पांगुळगाडा होता. गल्लीतला सुतार बनवून द्यायचा. तीन लाकडी चाकं, उभी चौकट, वर आडवी दांडी. मूल दांडीला धरून उभं राहायचं, गाडा पुढे सरकायचा, त्याच्यामागे मूल पाऊल टाकायचं, धपकन बसायचं, पुन्हा उठायचं. चाकांचा असा कर्रकर्र आवाज की पोर कुठल्या खोलीत आहे ते आईला चुलीपाशी बसून कळायचं. ना छत, ना पट्टा, ना कपाचं कडं. मुख्य म्हणजे दांडी पोराच्या हातात असायची. ढकलायचं काम त्याचं होतं, घरच्यांनी फक्त उंबऱ्यापाशी आडवं बसायचं. मधल्या काळात गोल, चाकांचा, मुलाला मधोमध अडकवून ठेवणारा प्लास्टिकचा वॉकर आला आणि पांगुळगाडा माळ्यावर गेला. त्या वॉकरपायी जिन्यावरून इतकी मुलं पडली की कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्याकडे तो अजून बारशाला भेट म्हणून येतो, वर सोनेरी कागद लावून.

मागच्या दांड्याला माझा विरोध नाही. दीड वर्षाच्या मुलाला रस्त्यावर दांड्याशिवाय सोडा, असं कोणी म्हणत नाही. माझा विरोध आहे तो पाचव्या वर्षीही न निघालेल्या दांड्याला. अशी घरं बघितलीत ना? पोराचे गुडघे हँडलला लागताहेत, पाय पायडल सोडून जमिनीला टेकताहेत, आणि मागे बाप ढकलतोच आहे, कारण ‘पडला म्हणजे?’ पडेल. जमिनीपासून एवढ्याशा उंचीवरून पडायचं नाही तर कुठून पडायचं? हीच मंडळी पुढे पोराच्या नववीतच लातूरला खोली बघून ठेवतात, तिथला पॅटर्न काय ते पोराआधी स्वतः पाठ करतात, आणि पोरगं इंजिनिअर होऊन वाळूजला लागलं तरी पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोडायला जातात. सिक्युरिटीवाला विचारतो, ‘काका, पास कोणाचा?’

तेव्हा ती शेवटची गोष्ट. सायकल पसंत पडली, दांड्याची उंची आजोबांना जमली, पायडलची कळ सुटली, शिक्का सापडला, मामाने पैसे काढले. थांबा. दुकानातच दांडा काढून दाखवा म्हणा. कठडा, छत आणि दांडा ही तिन्ही हाताने निघाली पाहिजेत, पाना न मागता. दांडा काढल्यावर मुलाचं हँडल पुन्हा चाकाला जोडलं जातं का, पायडलची कळ पुन्हा बसते का, आणि उरलेली सायकल तीन वर्षांच्या पोराने एकट्याने चालवण्यासारखी राहते का, हे बघा. पुष्कळ सायकलींत दांडा काढला की नुसता सांगाडा उरतो. त्या ढकलण्यासाठीच बनवलेल्या असतात. दुकानदार म्हणेल, ‘अभी क्या जरूरत है, बाद में घर पे निकालना.’ तसं म्हणाला तर सायकल तिथेच ठेवून या, आणि त्याच पैशात दोन वर्षांनी बिनदांड्याची घ्या. तोवर फिरवायला मामाचा खांदा आहेच.